ताण व चिंता : मेंदूतील मंडलांच्या संशोधनाचा इतिहास

धोका प्रत्यक्ष समोर असताना प्राण्यात जी प्रतिक्रिया घडते तिला भीती आणि धोका संभवनीय पण अनिश्चित असताना जी दीर्घकाळ टिकणारी सावध अवस्था निर्माण होते तिला चिंता म्हणण्याचा प्रघात आहे. शरीराचे अंतर्गत संतुलन बिघडविणाऱ्या परिस्थितीला शरीर जो प्रतिसाद देते, तो ताण होय. या तिन्ही अवस्था मेंदूतील परस्परांशी जोडलेल्या तंत्रिका कोशिकांच्या समूहांमुळे, म्हणजे मंडलांमुळे, घडून येतात. या मंडलांविषयीचे आजचे ज्ञान मुख्यत्वे प्रयोगशाळेतील उंदरांवरून मिळालेले आहे. मराठीत ‘उंदीर’ हा एकच शब्द दोन भिन्न जातींना लावला जातो. इंग्रजीत त्यांना रॅट व माऊस अशी वेगळी नावे आहेत. प्रस्तुत लेखात त्यांना अनुक्रमे मोठा व लहान उंदीर म्हटले आहे.

या विषयाचा आरंभ मात्र मांजरांपासून झाला. वॉल्टर कॅनन यांनी १९१५ मध्ये वेदना, भूक, भीती व क्रोध यांमुळे शरीरात होणाऱ्या बदलांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्याच प्रयोगशाळेत फिलिप बार्ड यांनी १९२८ मध्ये असे दाखविले की, मस्तिष्काचे बाह्यक काढून टाकलेले मांजरही क्रोधाची सर्व बाह्य लक्षणे दर्शविते. मात्र अधोथॅलॅमसाचा मागील भाग नष्ट केल्यास ही लक्षणे सुसंगतपणे प्रकट होत नाहीत. १९३७ मध्ये जेम्स पेपेझ यांनी भावनांसाठी एक बंदिस्त मंडल सुचविले. त्याचा तपशील पुढे बराचसा टिकला नाही, परंतु भावनेचे स्थान एखाद्या केंद्रात न शोधता केंद्रांमधील जोडणीत शोधावे, ही दृष्टी त्यातून मिळाली.

ताणाचा अभ्यास वेगळ्या वाटेने आला. माँट्रिऑल येथील मॅक्‌गिल विद्यापीठात हान्स सेल्ये हे मोठ्या उंदरांना ग्रंथींचे अर्क टोचून नव्या हॉर्मोनाचा शोध घेत होते. अर्क कोणताही असो, परिणाम तेच दिसत : अधिवृक्क ग्रंथी मोठ्या होत, थायमस ग्रंथी आक्रसे आणि जठरात व्रण पडत. थंडी, इजा, अतिश्रम यांनीही तेच घडे. नवे हॉर्मोन हाती लागले नाही. पण १९३६ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकातील एका छोट्या टिपणात सेल्ये यांनी हा सर्वसामान्य प्रतिसाद मांडला. त्याच्या शीर्षकात ताण हा शब्द नव्हता. तो नंतर रूढ झाला.

अधिवृक्क ग्रंथीला मेंदूकडून आदेश कसा मिळतो, हा पुढचा प्रश्न होता. अधोथॅलॅमसातील रासायनिक द्रव्ये सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या जाळ्यातून पोष ग्रंथीपर्यंत जातात, असे जेफ्री हॅरिस यांनी प्रतिपादिले. कॅलिफोर्नियातील सॉल्क इन्स्टिट्यूटमधील वायली व्हेल व त्यांचे सहकारी यांनी १९८१ मध्ये मेंढ्यांच्या अधोथॅलॅमसातून ४१ ॲमिनो अम्लांचे असे द्रव्य वेगळे केले. ते सीआरएफ या आद्याक्षरांनी ओळखले जाते. त्याचा एक ग्राही जन्मतः नसलेले लहान उंदीर १९९८ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे तयार केले व ते कमी चिंताग्रस्त आढळले. यावरून चिंतेवर नवे औषध सापडेल अशी मोठी आशा निर्माण झाली. तथापि हा ग्राही रोखणारी औषधे मानवावरील चाचण्यांत निराशाजनक ठरली.

भीतीचे मंडल प्रथम स्पष्ट झाले ते ध्वनीच्या साहाय्याने. ध्वनीपाठोपाठ पायाला सौम्य विद्युत् धक्का दिल्यास मोठा उंदीर लवकरच नुसत्या ध्वनीनेच निश्चल होऊन बसतो. १९८४ मध्ये जोसेफ लदू व त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की, श्रवणाचे बाह्यक नष्ट केले तरी हे शिक्षण होते, परंतु थॅलॅमसातील श्रवणकेंद्र नष्ट केल्यास होत नाही. तेथून निघणारा एक मार्ग बाह्यकाला वगळून थेट अमिग्डाला या बदामाच्या आकाराच्या कोशिकासमूहाकडे जातो. मायकेल डेव्हिस यांनी १९९० च्या दशकात यात एक महत्त्वाचा भेद दाखविला. अल्पकालीन संकेताने निर्माण होणारी भीती अमिग्डालाच्या मध्यवर्ती भागावर अवलंबून असते, तर प्रखर प्रकाशात बराच वेळ ठेवलेल्या या निशाचर प्राण्याची अस्वस्थता बीएनएसटी या शेजारच्या समूहावर. भीती व चिंता यांतील भेदाला असा शारीरिक आधार मिळाला. मात्र तो आरंभी वाटला तितका काटेकोर नाही, असे नंतरच्या प्रयोगांवरून दिसते.

उंदराला चिंता वाटते हे ओळखावे कसे? १९३४ मध्ये कॅल्व्हिन हॉल यांनी उंदराला उघड्या रिंगणात सोडून त्याच्या वर्तनाची नोंद करण्याची पद्धत वापरली. १९८० च्या दशकात अधिक चिन्हाच्या आकाराचा, जमिनीपासून सु. अर्धा मीटर उंचीवरील मार्ग प्रचारात आला. त्याच्या दोन भुजांना भिंती असतात व दोन उघड्या असतात. उघड्या भुजांवर उंदीर जितका कमी वेळ काढील तितका तो अधिक चिंताग्रस्त मानतात. डायझेपाम दिल्यास तो उघड्या भुजांवर जास्त वेळ वावरतो, हा या कसोटीचा मुख्य पुरावा. येथे एक चक्रापत्ती आहे. ज्या गटातील औषधाने कसोटी पारखली त्याच गटासारखी औषधे ती ओळखते. माणसातील चिंता कमी करणाऱ्या बुस्पिरोनाबाबत तिचे निष्कर्ष एकसारखे येत नाहीत. शिवाय १९९९ मध्ये पोर्टलंड, ऑल्बनी व एडमंटन येथील तीन प्रयोगशाळांनी त्याच वंशांचे लहान उंदीर, तीच उपकरणे व तोच कार्यक्रम वापरूनही काही निष्कर्ष भिन्न आले. २०१० मध्ये तर असे आढळले की, शेपटीला धरून उचललेला उंदीर ओंजळीत किंवा नळीतून उचललेल्या उंदरापेक्षा अधिक चिंताग्रस्त असतो. म्हणजे कित्येक वर्षे कसोटीपूर्वीच थोडी चिंता प्रयोगकर्ता स्वतः निर्माण करीत होता. प्रयोगाच्या अहवालात उंदीर कसा उचलला हे क्वचितच लिहिलेले असे.

लहान उंदीर पुढे आला तो आनुवंशिकीमुळे. इच्छित जीन निष्प्रभ केलेले उंदीर १९८९ पासून मिळू लागले. खरे स्थित्यंतर मात्र २००५ नंतर झाले. त्या वर्षी एडवर्ड बॉयडन, कार्ल डायसेरॉथ व सहकारी यांनी एका शैवलातील प्रकाशसंवेदी प्रथिन तंत्रिका कोशिकांत घालून त्या निळ्या प्रकाशाने उद्दीपित करून दाखविल्या. आता मेंदूचा भाग नष्ट न करता विशिष्ट कोशिका क्षणार्धात चालू वा बंद करता येऊ लागल्या. २०११ मध्ये के टाय व सहकारी यांनी अमिग्डालाच्या पायथ्याकडील कोशिकांच्या फक्त मध्यवर्ती भागात पोहोचणाऱ्या टोकांवर प्रकाश टाकला, तेव्हा उंदराची चिंता तत्काळ कमी झाली. त्याच कोशिकांच्या मूळ देहांवर टाकला असता तसे घडले नाही. अमिग्डाला भीती उत्पन्न करते, हे विधान यानंतर अपुरे ठरले : एकाच भागातून निघणारे मार्ग परस्परविरुद्ध कार्य करू शकतात. २०१३ मध्ये बीएनएसटीबाबतही तसेच दिसले. त्यातून निघणारा एक मार्ग जोखीम टाळण्याची प्रवृत्ती, दुसरा श्वसनाचा वेग व तिसरा सुखद अनुभूती बदलतो. आपण ज्याला एक अवस्था समजतो ती अशा सुट्या घटकांची जुळणी आहे.

भारतातील कार्यही उल्लेखनीय आहे. बंगळुरू येथे सुमंत्र चट्टर्जी व सहकारी यांनी २००२ मध्ये मोठ्या उंदरांना रोज दोन तास याप्रमाणे दहा दिवस जखडून ठेवले असता हिपोकँपसातील कोशिकांच्या शाखा आखडल्या, तर अमिग्डालातील वाढल्या. ताण संपल्यावर तीन आठवड्यांनी पहिला बदल नाहीसा झाला होता, दुसरा मात्र कायम होता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील विदिता वैद्य व सहकारी यांनी २०२४ मध्ये डीओआय या मनोभ्रमकारी द्रव्याचा चिंताशामक परिणाम हिपोकँपसाच्या खालच्या भागातील एका विशिष्ट प्रकारच्या कोशिकांवर अवलंबून असल्याचे दाखविले.

हे सारे माणसाला कितपत लागू पडते, याविषयी मतभेद आहेत. लदू यांनी स्वतःच २०१२ पासून असे मत मांडले की, उंदरात आढळते ते जीवरक्षणाचे मंडल होय. त्याला भीतीचे मंडल म्हणू नये, कारण भीती ही जाणीव आहे व ती उंदराच्या वर्तनावरून सिद्ध होत नाही. अनेक संशोधकांना हे मान्य नाही. २००९ मध्ये कार्बन डाय-ऑक्साइडामुळे लहान उंदरात निर्माण होणारी भीती अमिग्डालातील एका प्रथिनावर अवलंबून असल्याचे आढळले होते. परंतु २०१३ मध्ये, दोन्ही बाजूंची अमिग्डाला नष्ट झालेल्या तीन रुग्णांनी तोच वायू श्वासावाटे घेतला असता तिघांनाही तीव्र भीतीचा झटका आला.