वॉकिंग बेस म्हणजे काय? जॅझला चालते ठेवणारे बेसवादक

जॅझच्या जुन्या ध्वनिमुद्रणांत ट्रम्पेट किंवा सॅक्सोफोन पुढे असतो, पियानो अधूनमधून बोलतो आणि ड्रमवादक झांजेवर लय धरतो. या सगळ्यांच्या खाली एक खोल, भरदार आवाज सारख्या अंतराने पावले टाकत असतो. हा आवाज डबल बेसचा. त्याच्या या वादनपद्धतीला ‘वॉकिंग बेस’ म्हणतात, म्हणजेच चालणारा बेस.

नेमके काय वाजते?

जॅझमधील बहुतेक रचना चार ठोक्यांच्या असतात. वॉकिंग बेसमध्ये वादक प्रत्येक ठोक्यावर एक स्वर वाजवतो. मिनिटाला २४० ठोक्यांच्या लयीत सेकंदाला चार स्वर होतात. पाच मिनिटांच्या रचनेत ही संख्या १,२०० वर जाते.

हे स्वर सहसा लिहिलेले नसतात. वादकापुढे फक्त कॉर्डची नावे असतात, म्हणजे कोणत्या क्षणी कोणता स्वरसमूह चालू आहे याची नोंद. तीही बहुधा पाठच असते. त्यातून कोणता स्वर घ्यायचा, वर जायचे की खाली, हे तो वाजवता वाजवता ठरवतो. सोलो वाजवणाऱ्याइतकीच त्याचीही रचना तत्क्षणी घडत असते. फरक इतकाच की त्याला थांबून श्वास घेण्याची मुभा नसते.

बेसवादकाकडे दोन कामे एकाच वेळी असतात. पहिले लय सांभाळण्याचे आणि दुसरे कॉर्ड ऐकू आणून देण्याचे. तबलावादक ठेका धरतो आणि हार्मोनियम सूर भरते. इथे ही दोन्ही कामे एकाच बोटाने होतात.

चौथ्या ठोक्याचे महत्त्व

जॅझमध्ये वारंवार येणारा एक क्रम सरगममध्ये पाहता येतो. पहिला कॉर्ड ‘रे’वर उभा, दुसरा ‘प’वर आणि शेवटी ‘सा’वर विसावा. त्यावर बेसवादक असे चालू शकतो:

रे – म – ध – कोमल ध
प – नी – रे – कोमल रे
सा

पहिल्या ठोक्यावर कॉर्डचा मूळ स्वर येतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या ठोक्यावर त्याच कॉर्डमधले इतर स्वर येतात. चौथा स्वर मात्र वेगळा आहे. कोमल ध पहिल्या कॉर्डमध्ये बसत नाही, पण पुढच्या ‘प’च्या अगदी शेजारी आहे. तसाच कोमल रे ‘सा’च्या शेजारी. हा परका स्वर क्षणभर ताण निर्माण करतो आणि पुढच्या ठोक्यावर तो ताण सुटतो. ओळ चालत असल्याचा भास होण्यामागे हे मोठे कारण आहे: प्रत्येक चौथे पाऊल पुढच्या घराच्या उंबरठ्यावर पडते.

दोन पावलांवरून चार पावलांवर

न्यू ऑर्लिन्सच्या सुरुवातीच्या जॅझमध्ये खालचा आवाज अनेकदा ट्युबा या फुंकवाद्याचा असे. तो पहिल्या आणि तिसऱ्या ठोक्यावरच वाजे. फुंकवाद्याला श्वास घ्यावा लागतो, त्यामुळे हे सोयीचेही होते. ध्वनिमुद्रण भोंग्यातून होई तोवर डबल बेसचा आवाज तबकडीवर नीट उमटत नसे. १९२५ मध्ये मायक्रोफोन वापरून विद्युत ध्वनिमुद्रण सुरू झाले आणि हा अडसर बराच कमी झाला. ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदात वेलमन ब्रॉड यांचा बेस स्पष्ट ऐकू येऊ लागला.

चार ठोक्यांची चाल पक्की करण्याचे श्रेय प्रामुख्याने वॉल्टर पेज (१९००–१९५७) यांना दिले जाते. ते कॅन्सस सिटीत नावारूपाला आलेल्या काउंट बेसी यांच्या वाद्यवृंदात होते. पेज यांनी चारही ठोके सारख्या वजनाने वाजवले आणि त्याचा परिणाम इतर वाद्यांवर झाला. पियानोवादकाच्या डाव्या हाताला लय धरून ठेवण्याची गरज उरली नाही. म्हणून बेसी मोजकेच स्वर वाजवून गप्प बसू शकत. ड्रमवादक जो जोन्स यांनी लय पायाच्या मोठ्या ढोलावरून हलक्या झांजांवर आणली. पुढे १९४० च्या दशकात आलेल्या बीबॉप शैलीचे मोकळेपण याच पायावर उभे राहिले. बेस चालू लागला म्हणून बाकीच्यांना उडता आले.

पाच महत्त्वाचे वादक

जिमी ब्लँटन (१९१८–१९४२): १९३९ मध्ये ते एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदात आले. त्यांच्या चालीतला प्रत्येक स्वर लांब, गोल आणि गाता असे. १९४० च्या ‘जॅक द बेअर’मध्ये बेस एखाद्या मुख्य वाद्यासारखा पुढे येतो. क्षयरोगामुळे १९४१ मध्ये त्यांना वाद्यवृंद सोडावा लागला आणि वयाच्या तेविसाव्या वर्षी ते गेले. हाती जेमतेम दोन वर्षे मिळाली, पण नंतरच्या जवळजवळ प्रत्येक बेसवादकावर त्यांचा ठसा आहे.

रे ब्राउन (१९२६–२००२): पियानोवादक ऑस्कर पीटरसन यांच्या त्रिकूटात ते सुमारे पंधरा वर्षे होते. १९५८ पर्यंत त्या त्रिकूटात पियानो, गिटार आणि बेसच असे, ड्रम नव्हता. पीटरसन यांचा वेग सर्वपरिचित होता. तो तोलून धरण्याचा मोठा भार ब्राउन यांच्यावर होता. ठोक्याच्या किंचित पुढच्या कडेवर स्वर टाकण्याची त्यांची पद्धत संगीताला ओढ देते, पण लय पळत नाही.

पॉल चेंबर्स (१९३५–१९६९): १९५९ च्या मार्चमध्ये त्यांनी माइल्स डेव्हिस यांच्यासोबत ‘सो व्हॉट’ मुद्रित केले. त्यात ३२ बारच्या आवर्तनात सुरुवातीचे सलग १६ बार एकाच स्वरसप्तकावर आहेत. कॉर्ड बदलतच नाही, तेव्हा ओळ कंटाळवाणी न होऊ देता चालत राहणे हीच परीक्षा. दोनच महिन्यांनी जॉन कोलट्रेन यांच्या ‘जायंट स्टेप्स’मध्ये परीक्षा नेमकी उलटी होती: अतिवेगवान लय आणि बहुतेक ठिकाणी दर दोन ठोक्यांना नवा कॉर्ड. दोन्हीकडे बेस चेंबर्स यांचाच आहे. कोलट्रेन यांनी ‘मिस्टर पी. सी.’ ही रचना त्यांच्याच नावाने केली. चेंबर्सही क्षयरोगाने गेले, तेव्हा ते ३३ वर्षांचे होते.

चार्ली हेडन (१९३७–२०१४): ऑर्नेट कोलमन यांच्या १९५९ च्या ‘द शेप ऑफ जॅझ टू कम’मध्ये पियानो नाही आणि सोलोंना ठरलेल्या कॉर्डचे बंधनही नाही. हेडन इथेही चालतात, पण वाट आधी आखलेली नसते. कोलमन यांचा सॅक्सोफोन जिकडे वळेल तिकडे कान देऊन ते स्वर निवडतात.

रॉन कार्टर (जन्म १९३७): त्यांची सुरुवात चेलोवर झाली. त्या काळी अमेरिकेतल्या पाश्चात्त्य अभिजात वाद्यवृंदांची दारे कृष्णवर्णीय वादकांना बहुधा बंद असत. कार्टर जॅझकडे वळण्यामागे हेही एक कारण होते. १९६३ ते १९६८ या काळात ते माइल्स डेव्हिस यांच्या पंचकात होते. तिथे त्यांनी अपेक्षित मूळ स्वराऐवजी दुसराच स्वर घेऊन अख्ख्या कॉर्डचा रंग बदलण्याची रीत रुजवली. सर्वाधिक ध्वनिमुद्रणे असलेले जॅझ बेसवादक म्हणून २०१५ मध्ये गिनेस बुकात त्यांची नोंद झाली. तेव्हा आकडा २,२२१ होता.

ऐकायचे कसे?

डबल बेसची सर्वांत खालची तार सुमारे ४१ हर्ट्झवर लावलेली असते. मोबाइलच्या छोट्या स्पीकरमधून इतका खोल आवाज नीट येत नाही, म्हणून हेडफोन लावलेले बरे.

सुरुवातीला ‘मिस्टर पी. सी.’सारखी बारा बारची ब्लूज रचना सोयीची. प्रत्येक बारमध्ये चार ठोके, म्हणून एक आवर्तन ४८ ठोक्यांचे. ते बोटांवर मोजत गेले की आवर्तन कुठे संपते आणि बेस पुन्हा घरी कसा येतो हे लक्षात येते.

मध्यम लयीच्या गाण्यांत आणखी एक गोष्ट पकडता येते. मुख्य धून चालू असताना बेस अनेकदा बारमध्ये दोनच स्वर वाजवतो आणि सोलो सुरू होताच चारवर येतो. लय तीच असते, तरीही सगळे संगीत एकदम वेगात आल्यासारखे वाटते.

बेसची पावले एकदा कानात बसली की मग ती प्रत्येक जॅझ ध्वनिमुद्रणात आपोआप सापडू लागतात. ती ऐकता ऐकता वरच्या सोलोची गुंतागुंतही सोपी होते, कारण सोलोवादक कोणत्या जमिनीवर उभा आहे हे बेस प्रत्येक ठोक्याला सांगत असतो.