मांडणीची कुळकथा

माहिती जमविणे ही एक विद्या आणि जमविलेली माहिती शोधणाऱ्याच्या प्रश्नानुरूप मांडून देणे ही दुसरी. पहिलीचे कौतुक सर्वत्र होते, दुसरीचे श्रम मात्र बहुधा निनावीच राहतात. संगणकाच्या पडद्यावर एखादा शब्द टाकावा आणि क्षणार्धात शेकडो निकालांची चळत समोर यावी, ही सोय आता इतकी अंगवळणी पडली आहे की, त्या चळतीत शिरावयाचे कोठून आणि तीतून आपल्या कामाचे निवडावयाचे कसे, हा प्रश्न या यंत्रयुगानेच निर्माण केला असावा असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः तो प्रश्न फार जुना आहे, आणि अमरावती जिल्ह्यातील रिद्धपुरास, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, त्याचे एक अत्यंत विचारपूर्वक दिलेले उत्तर आकारास येऊ लागले होते.

महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांनी उत्तरापंथे गमन केल्यावर त्यांचा शिष्यपरिवार रिद्धपुरी त्यांचे गुरू गोविंदप्रभू यांच्या सन्निध राहिला, आणि तेथेच शके 1200 च्या सुमारास म्हाइंभटांनी स्वामींच्या चरित्राची, म्हणजे लीळाचरित्राची, सिद्धता केली. स्वामींच्या सहवासात जे जे आले होते त्यांना गाठावे, प्रत्येकाने काय पाहिले व काय ऐकले ते विचारून घ्यावे, आणि मिळालेली प्रत्येक आठवण पंथाचे आचार्य नागदेवाचार्य यांच्यापुढे ठेवून पारखून घ्यावी, अशी त्यांची रीत होती. या संग्रहाला त्यांनी जो क्रम दिला तो काळाचा: स्वामींच्या एकाकी भ्रमंतीचा एकांक, त्यानंतर पूर्वार्ध आणि त्यानंतर उत्तरार्ध. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी नष्ट झाली असे संप्रदाय मानतो. ती आठवणींवरून पुन्हा सिद्ध करताना जेथे दोघांच्या स्मरणात अंतर पडले तेथे एकाचे खरे आणि दुसऱ्याचे खोटे न ठरविता त्या त्या व्यक्तीच्या नावासह दोन्ही पाठ नोंदविले गेले. अशा पाठभेदाला महानुभाव ‘वासना’ म्हणतात. मिळालेले सर्व एका साच्यात ओतून गुळगुळीत करण्यापेक्षा कोणते कोणाकडून आले हे वाचकास दिसू देणे अधिक प्रामाणिक, हा विवेक त्या काळी या मंडळींपाशी होता, याचे मला आजही विस्मययुक्त कौतुक वाटते.

परंतु त्याहूनही मोठी गोष्ट पुढे घडली. काळाच्या क्रमाने लावलेले चरित्र वाचावयास उत्तम. पण एखाद्या साधकाला स्वामींनी आचाराविषयी काय काय सांगितले एवढेच पाहावयाचे असेल तर त्याने शेकडो लीळा उलगडीत बसावे काय? केशिराजबासांनी चरित्रात विखुरलेली स्वामींची वचने वेचून काढली आणि विषयवार प्रकरणांत लावली, तोच सूत्रपाठ. स्वामींनी सांगितलेले दृष्टांत त्यांनी निराळे काढले, प्रत्येकाला मूळ सूत्र जोडले, त्याचे दार्ष्टांतिक स्वतः लिहिले आणि 114 दृष्टांतांचा दृष्टांतपाठ सिद्ध केला. बाइदेवबासांनी त्याच स्मृतिधनातून स्वामींची दिनचर्या प्रहरांच्या क्रमाने मांडून पूजावसर रचला. स्थानपोथीने तर काळ सर्वथा बाजूस ठेवला आणि भूमी हाच क्रम धरला: स्वामी कोणत्या गावी राहिले, त्या गावात कोणते देऊळ कोणत्या दिशेस आहे, ते कोणत्या अंगास उघडते, आसनाचे स्थान नेमके कोठे, हे सारे यात्रेकरूला जागेवर उभे राहून ताडून पाहता येईल इतक्या बारकाईने तीत सांगितले आहे. नकाशा काढण्याची चाल नव्हती, परंतु शब्दांनी काढलेला नकाशाच तो. सूत्र वाचून ते कोणत्या प्रसंगी उच्चारले गेले हे ज्याला पाहावयाचे असेल त्याच्यासाठी पुढे प्रकरणवश नावाची टीकाही निर्माण झाली. म्हणजे वेचलेल्या वाक्यापासून मूळ प्रसंगाकडे परत नेणारी वाटही राखून ठेवली गेली. साठा एकच, त्याच्या मांडण्या अनेक आणि प्रत्येक मांडणी एका निराळ्या जिज्ञासेसाठी, हे तत्त्व इतक्या स्पष्टपणे आचरिलेले मराठीत त्यापूर्वी मला तरी आढळत नाही.

रिद्धपूरच्या पोथ्यांतून हे तत्त्व कचेरीच्या दप्तरात उतरले असे म्हणण्यास काहीच आधार नाही. व्यवहाराने ते आपल्या मार्गाने स्वतंत्रपणे शोधून काढले. अमरावतीच्या कापूसबाजारातील अडत्याचा मुनीम दिवसाची देवघेव रोजकीर्दीत तारीखवार टिपीत असे आणि तीच नोंद पुन्हा खतावणीत ज्याच्या त्याच्या नावावर चढवीत असे, कारण आज काय झाले हा एक प्रश्न आणि अमक्याकडून येणे किती हा दुसरा. मोगली अंमलापासून चालत आलेल्या महसुली कागदांतही खसरा हा शेतांच्या क्रमाने आणि खतौनी ही कसणाऱ्याच्या नावाने असे. युरोपात 1086 मध्ये इंग्लंडच्या विजेत्या राजाने डूम्सडे नावाची जी प्रसिद्ध पाहणी करविली तिची नोंद परगण्यापरगण्याने आणि त्यात मोठमोठ्या जमीनधारकांच्या नावाने लावलेली आहे; त्यामुळे कोणाकडे काय आहे हे राजाला तत्काळ कळे, पण एकच गाव दोन-तीन सरदारांत वाटले गेले असेल तर त्या गावाचे समग्र चित्र जुळविण्यास पाने चाळीत बसावे लागे. 1807 मध्ये फ्रान्सने कायद्याने भूमापन आरंभिले तेव्हा तुकड्यांचा नकाशा, तुकडेवार यादी आणि मालकवार नोंदवही अशी तीन अंगे एकदमच योजिली, आणि ती एकमेकांस क्रमांकांनी बांधून टाकली.

आपल्याकडे 1853 च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या व्यवस्थेखाली आले आणि 1860 नंतरच्या काळात मुंबई इलाख्यातील मोजणीची पद्धत येथे लागू झाली. गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघा अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात 1835 च्या सुमारास जी पद्धत बसविली आणि 1847 च्या संयुक्त अहवालात जिचे नियम पक्के झाले, तीच ही. तिचे माप म्हणजे 33 फुटांची शंकूसाखळी, तिचे 16 आणे. एक साखळी लांब व एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा, आणि असे 40 गुंठे म्हणजे एक एकर. तोवर जमीन ओळखली जाई ती माणसाच्या नावाने आणि चतुःसीमेने: पूर्वेस अमक्याचे वावर, पश्चिमेस पांदण, उत्तरेस नाला, दक्षिणेस तमक्याचा धुरा. मोजणीने प्रत्येक वावराला क्रमांक दिला. माणसे जन्मली, वारली, जमिनी विकल्या गेल्या, तरी क्रमांक जागच्या जागी राहिला. ही सोय मोठी होती यात संशय नाही. परंतु या क्रमांकाने जमिनीची ओळख माणसाच्या स्मृतीतून काढून दप्तराच्या स्वाधीन केली, आणि त्या दिवसापासून आपलेच वावर शोधण्यासाठी शेतकऱ्याला पटवाऱ्याच्या बस्त्याकडे जावे लागू लागले.

त्या बस्त्याची आजची रचना महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 आणि हक्कनोंदीचे 1971 चे नियम यांनी ठरविलेली आहे. गाव नमुना 7 म्हणजे एका भूमापन क्रमांकावरील हक्क, नमुना 12 म्हणजे त्यातील पीक, आणि दोन्ही एका कागदावर येतात म्हणून तो सातबारा. नमुना 6 हे फेरफाराचे पुस्तक, म्हणजे बदलांचा काळक्रम. हस्तलिखित सातबाऱ्यावर जुने नाव कंसात घातलेले आणि नव्या नावाशेजारी वर्तुळात फेरफाराचा क्रमांक लिहिलेला ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्या लहानशा वर्तुळाचे मोल कळेल, कारण तेच वाचकाला घटनेपर्यंत परत नेते. आणि नमुना 8-अ म्हणजे खातेउतारा: एका खातेदाराची गावातील सगळी जमीन एकत्र. डावीकडे खाते क्रमांक, मग नाव, मग त्या नावाखालील एकेक भूमापन क्रमांक, त्याचे क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, आकारणी, जिल्हा परिषद व ग्रामपंचायतीचे उपकर, आणि तळाशी बेरीज.

वरवर पाहता 8-अ मध्ये नवीन काहीच नाही. त्यातील प्रत्येक आकडा कोणत्या ना कोणत्या सातबाऱ्यावर आहेच. तरीही सगळे सातबारे स्वतंत्रपणे वाचून जे कळत नाही ते या एका पानावरून कळते. शिवाराच्या तीन कोपऱ्यांत तीन लहान वावरे असलेला मनुष्य अल्पभूधारक आहे की नाही, त्याला पीककर्ज किती द्यावे, हे कोणताही सुटा सातबारा सांगू शकत नाही. त्यासाठी बेरीज लागते आणि बेरजेसाठी नावाचा क्रम लागतो. म्हणूनच कर्जासाठी गेलेल्या शेतकऱ्याकडे सातबाऱ्यासोबत 8-अ मागितला जातो. मात्र 8-अ हा गावापुरता असतो. शेजारच्या मौज्यात असलेली जमीन त्यात उतरत नाही, आणि कोणाची वावरे एकमेकांस लागून आहेत हेही तो सांगत नाही. ते काम गावनकाशाचे. धुरा कोणाचा कोणाशी, पांदण कोठून निघून कोठे संपते, नाल्याचे पाणी कोणाच्या शेतातून उतरते, हे प्रश्न यादी कितीही वेळा उलटसुलट लावली तरी सुटत नाहीत. नकाशा उलगडताच त्यांची उत्तरे दिसू लागतात. अमरावतीजवळच्या नांदगाव पेठेच्या परिसरात औद्योगिक वसाहत आली, औष्णिक वीज प्रकल्प आला, महामार्ग रुंदावला. अशा प्रत्येक वेळी कोणते क्रमांक एकसलग पट्ट्यात येतात हा प्रश्न ज्याने सोडविला तो नकाशानेच.

ग्रंथालयशास्त्रात हे तत्त्व शब्दबद्ध करण्याचे श्रेय रंगनाथनांस द्यावयास हवे. 1933 मध्ये प्रसिद्ध केलेल्या द्विबिंदू वर्गीकरणाच्या आधारे पुढे त्यांनी प्रतिपादिले की, प्रत्येक विषयाला व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, स्थल आणि काल असे पैलू असतात आणि वाचक त्यांपैकी कोणत्याही बाजूने आत येऊ शकतो. लीळाचरित्र कालाच्या दाराने आत नेते आणि स्थानपोथी स्थलाच्या, हे लक्षात घेतले म्हणजे रिद्धपूरच्या मंडळींची दृष्टी किती दूरवर पोहोचली होती ते कळते. 1992 मध्ये कॅलिफोर्नियातील झेरॉक्सच्या संशोधन केंद्रातील चौघांनी कागदपत्रांच्या मोठ्या संग्रहाचे आपोआप गट पाडण्याची आणि वाचकाने त्यांतील काही गट उचलले की तेवढ्यांचेच पुन्हा नवे गट पाडण्याची पद्धत मांडली. त्यानंतर अशा पुष्कळ प्रयोगांचा बहर आला. परंतु लोकांच्या हाती टिकून राहिली ती मुख्यतः वरून खाली उतरणारी सरळ यादीच, कारण तिला शिकावे लागत नाही. यादीचा हा विजय मला फारसा समाधानकारक वाटत नाही. ज्याला आपल्याला काय हवे ते नेमके ठाऊक आहे त्याला यादी पुरते. ज्याला ते चाचपडत शोधावयाचे आहे त्याला ती एका अरुंद बोळात उभे करते.

हे चाचपडणे जमिनीचे उतारे दाखविणाऱ्या भूलेख या शासकीय संकेतस्थळाच्या पडद्यावर रोज घडते. विभाग, जिल्हा, तालुका, गाव अशा पायऱ्या उतरून तेथे जावे लागते आणि त्या आवश्यकच आहेत. नुसते नांदगाव म्हटले तर अमरावती जिल्ह्यातच नांदगाव पेठ आणि नांदगाव खंडेश्वर अशी दोन गावे आहेत आणि नाशिक जिल्ह्यात तालुक्याचे नांदगाव तिसरे. जुन्या दस्तात मौजे, परगणा, सुभा अशा पायऱ्या होत्या. गाव निवडल्यावर भूमापन क्रमांकाने अथवा नावाने शोधता येते, आणि भू-नकाशावर एखाद्या तुकड्यावर बोट ठेवले की त्याचा खातेदार दिसतो. परंतु सातबारा एका दालनात, फेरफार दुसऱ्यात आणि नकाशा तिसऱ्यात अशी वाटणी असल्यामुळे एका प्रश्नाची तीन उत्तरे मनातल्या मनात जुळविण्याचे ओझे शेतकऱ्यावरच पडते. आजोबांचे वावर शोधणाऱ्या नातवाला क्रमांक ठाऊक नसतो. आडनाव टाकावे तर त्या आडनावाची अर्धी आळी समोर उभी राहते. त्याला जे ठाऊक असते ते निराळेच: वावर पांदणीला लागून होते, वरच्या अंगाला अमक्यांचा धुरा होता, खाली नाला होता. शेजारी आणि दिशा सांगून जमीन शोधण्याचा हा चतुःसीमेचा मार्ग पडद्यावर खुला व्हावा असे मला मनापासून वाटते. आणि नकाशातील तुकडा व त्याचा खातेदार यांची सांगड आधीच घातलेली असल्यामुळे, तुकड्याभोवतालच्या खातेदारांची नावे दिशावार वाचून दाखविणे हे काम दुष्करही नाही.