चोर सोडून संन्याशाला सुळी : अँटिव्हायरसच्या खोट्या इशाऱ्यांचा इतिहास

#थ्रेड

१/ दिनांक २१ एप्रिल २०१०. अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यातील काही रुग्णालयांनी त्या दिवशी अपघातग्रस्त वगळता इतर रुग्णांना तातडीच्या विभागात घेणे थांबवले आणि पुढे ढकलता येतील अशा काही शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या. केंटकी राज्यात पोलिसांना गस्तीच्या गाड्यांतील संगणक बंद ठेवावे लागले. तिकडे ऑस्ट्रेलियात कोल्स या साखळीतील काही दुकानांचे गल्लेच चालेनात, म्हणून दुकानांना टाळे लागले. कोणत्याही शत्रूने हल्ला केलेला नव्हता. हा सारा अनर्थ पहारेकऱ्याने घडवला होता.

२/ मॅकअफी कंपनीने त्या दिवशी आपल्या अँटिव्हायरससाठी ५९५८ क्रमांकाचे अद्यतन प्रसृत केले. विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक ३ वर चालणाऱ्या संगणकांत ‘एसव्हीसीहोस्ट’ नावाची एक मूलभूत फाइल असते. विंडोजच्या अनेक अंतर्गत सेवा तिच्याच आधाराने चालतात, नेटवर्कची जोडणीही त्यांतलीच. नव्या अद्यतनाने या फाइलीला ‘वेकॉर्ल’ विषाणू ठरवले आणि उचलून कोठडीत टाकले. परिणामी संगणक पुनःपुन्हा बंद होऊन सुरू होऊ लागले आणि नेटवर्कपासून तुटले.

खरी मेख येथेच होती. कंपनीने काही तासांत चूक दुरुस्त केली; पण नेटवर्क तुटलेल्या यंत्रापर्यंत ती दुरुस्ती पोहोचणार कशी? कर्मचाऱ्यांना सीडी किंवा पेन ड्राइव्ह घेऊन एकेका टेबलाशी जावे लागले. एकट्या मिशिगन विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात २५,००० पैकी सुमारे ८,००० संगणक बाधित झाले होते.

३/ जाता जाता एक योगायोग. मॅकअफीचे तेव्हाचे मुख्य तंत्रज्ञान अधिकारी होते जॉर्ज कर्ट्झ. पुढच्याच वर्षी त्यांनी क्राउडस्ट्राइक ही कंपनी सहकाऱ्यांसह स्थापन केली. होय, तीच, जिच्या सदोष अद्यतनाने १९ जुलै २०२४ रोजी जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर थिजले. तो मात्र खोट्या इशाऱ्याचा प्रकार नव्हता. दोन्ही घटनांची सरमिसळ करू नये. या कंपनीचे नाव पुढे पुन्हा येईल.

४/ मॅकअफीची चूक एकमेव नव्हती. मे २००७ मध्ये सिमँटेकने विंडोज एक्सपीच्या चिनी आवृत्तीतील दोन फाइलींना घुसखोर ठरवले. यंत्र पुन्हा सुरू केले की ते उठतच नसे. नोव्हेंबर २००८ मध्ये एव्हीजीने ‘युजर३२’ या फाइलीवर तोच आळ घेतला. २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या अँटिव्हायरसने चक्क गूगल क्रोमलाच बँकेचे परवलीचे शब्द चोरणारा ‘झ्यूस’ समजून हाकलले. आणि सप्टेंबर २०१२ मध्ये सोफोसने तर स्वतःच्याच अद्यतन-यंत्रणेला विषाणू ठरवून कोंडले. कुंपणाने शेत खाल्ल्याचे आपण ऐकतो. येथे कुंपणाने कुंपणच खाल्ले.

५/ हे असे का होते, हे समजण्यासाठी १९८६ पर्यंत मागे जावे लागते. लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा विषाणू फ्लॉपीवरून पसरत असे, आणि त्यात त्यांनी स्वतःचा पत्ता व दूरध्वनी क्रमांकही नोंदवला होता! अशा विषाणूंना ओळखणे सोपे होते. त्यांच्या संहितेतील एखादी ठरावीक अक्षरमाला, म्हणजे ‘सिग्नेचर’, शोधली की झाले. पोलीस ठाण्यातील बोटांच्या ठशांच्या नोंदवहीसारखाच हा प्रकार. याच पायावर जगभर उद्योग उभे राहिले. पुण्यात कैलास आणि संजय या काटकर बंधूंचे ‘क्विक हील’ नव्वदच्या दशकात उभे राहिले, तेही याच काळातले.

६/ तथापि, हा खेळ पूर्णपणे जिंकता येणार नाही हे ‘ब्रेन’ जन्मण्यापूर्वीच सिद्ध झाले होते. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील फ्रेड कोहेन या विद्यार्थ्याने नोव्हेंबर १९८३ मध्ये प्रायोगिक विषाणूचे प्रात्यक्षिक दाखवले आणि १९८४ च्या निबंधात एक विलक्षण युक्तिवाद मांडला. समजा, कोणताही प्रोग्रॅम विषाणू आहे की नाही हे अचूक सांगणारा परीक्षक अस्तित्वात आहे. आता असा एक प्रोग्रॅम लिहा, जो आधी त्या परीक्षकालाच विचारतो, “मी विषाणू आहे का?” उत्तर ‘होय’ आले तर तो काहीच करीत नाही. ‘नाही’ आले तर पसरू लागतो. परीक्षकाने काहीही उत्तर दिले तरी तो खोटा ठरतो! म्हणून असा सर्वज्ञ परीक्षक असूच शकत नाही.

याचा अर्थ नीट ध्यानी घ्यावा. प्रत्येक अँटिव्हायरस अखेर अंदाज बांधतो. अंदाज सैल ठेवला तर चोर आत शिरतो, आवळला तर संन्याशाला सुळी.

७/ १९९० मध्ये ‘१२६०’ या विषाणूने दर संसर्गात रूप पालटण्याचे तंत्र आणले आणि ठशांची नोंदवही अपुरी पडली. मग ‘वागणुकीवरून संशय’ ही पद्धत रुळली. फाइल आवळून बांधलेली आहे, परवलीचे शब्द वाचते, तिला फारसे कोणी ओळखत नाही, मग ती संशयित! यात सर्वाधिक भरडला गेला तो एकट्याने सॉफ्टवेअर लिहिणारा प्रामाणिक माणूस. विसरलेले परवलीचे शब्द दाखवणाऱ्या उपयुक्त साधनांसाठी प्रसिद्ध असलेल्या ‘नीरसॉफ्ट’च्या नीर सोफर यांनी २००९ मध्ये या त्रासाविषयी जाहीर तक्रार मांडली होती. मोठ्या कंपनीची फाइल चुकून अडली तर तासाभरात सुटते. लहानग्याला दाद लागेपर्यंत त्याची अब्रू गेलेली असते.

८/ संशय कसा पसरतो, याचा एक गमतीदार पण अस्वस्थ करणारा प्रयोग कॅस्परस्कीने २०१० च्या सुमारास उघड केला. त्यांनी २० निरुपद्रवी फाइली बनवल्या, त्यांतील १० फाइलींवर जाणूनबुजून विषाणूचा शिक्का मारला आणि अनेक अँटिव्हायरसचा निकाल एकत्र दाखवणाऱ्या ‘व्हायरसटोटल’वर चढवल्या. दहा दिवसांनी पाहतात तो त्याच दहा फाइलींना आणखी १४ पर्यंत कंपन्या दोषी ठरवीत होत्या. कोणीतरी म्हणाले, म्हणून सगळे म्हणाले! व्हायरसटोटलवर पाच-सहा लाल खुणा दिसल्या की हा प्रयोग आठवावा. पाच पंच नेहमीच स्वतंत्र असतात असे नाही.

९/ इथवर वाचून कोणाला वाटेल की इशारा आला तर खुशाल दुर्लक्ष करावे. थांबा.

२२ मार्च २०२३ पासून ‘३सीएक्स’ या दूरध्वनी-संभाषणाच्या सॉफ्टवेअरवर सेंटिनेलवन हे सुरक्षा-साधन इशारे देऊ लागले. सॉफ्टवेअर नामांकित, अधिकृत ठिकाणाहून आलेले, कंपनीच्या डिजिटल स्वाक्षरीसह. साहजिकच अनेकांनी हा नेहमीचाच खोटा इशारा मानला. २९ मार्चला क्राउडस्ट्राइकसह अन्य संशोधकांनी जाहीर केले की इशारा खरा होता. हल्लेखोरांनी कंपनीच्या कारखान्यातच शिरून मूळ सॉफ्टवेअरमध्ये विष कालवले होते. पुढील तपासात उत्तर कोरियाशी संबंधित गटाकडे बोट दाखवण्यात आले.

१०/ मग आपले एखादे प्रामाणिक सॉफ्टवेअर अडले तर करावे काय? जाणकारांची रीत साधी आहे. फाइल मूळ निर्मात्याकडूनच पुन्हा उतरवावी, त्याने जाहीर केलेला हॅश जुळतो का ते पाहावे, स्वाक्षरी तपासावी, आणि अँटिव्हायरस कंपनीकडे ती फाइल फेरतपासणीसाठी पाठवून एक-दोन दिवस वाट पाहावी. सूट द्यायचीच तर त्या एका फाइलीपुरती द्यावी. इन्स्टॉल होईना म्हणून संपूर्ण अँटिव्हायरस बंद करणे म्हणजे एका पाहुण्यासाठी गडाचे सगळे दरवाजे रात्रभर उघडे टाकणे होय. मात्र ३सीएक्सच्या बाबतीत हॅश आणि स्वाक्षरी या दोन्ही कसोट्या निर्दोष ठरल्या असत्या, हेही विसरू नये. तेथे उपयोगी पडले असते ते केवळ वाट पाहणे. इशारे सुरू झाल्यापासून सत्य बाहेर येण्यास अवघा आठवडा लागला.

११/ ३सीएक्समध्ये हल्लेखोर शिरले कसे, हे मँडियंट या कंपनीने एप्रिल २०२३ मध्ये शोधून काढले. तेथील एका कर्मचाऱ्याने आपल्या वैयक्तिक संगणकावर ‘एक्स-ट्रेडर’ हे वायदे व्यवहारांचे सॉफ्टवेअर इन्स्टॉल केले होते. तेही मूळ निर्मात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून घेतलेले आणि वैध स्वाक्षरीचे. ते आधीच बाधित झालेले होते. या उत्पादनाचा कारभार २०२० मध्येच गुंडाळला गेला होता. पण २०२२ मध्येही ते संकेतस्थळावर तसेच उपलब्ध होते.