वांग्याचा हत्ती आणि धांड्याचे बैल

स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा समितीतल्या मैत्रिणीनं बजावलं होतं, "संगणकावर काही लिहू नको, कोणी वाचत नाही." म्हणून भाजीपाल्यावर लिहिते आहे.

आपल्या बॅचला सहावीतलं कार्यानुभवाचं प्रदर्शन आठवत असेल. १९९० चा जानेवारी, स्नेहसंमेलनाचा आठवडा. 'भाजीपाल्यापासून प्राणी' असा विषय फळ्यावर लिहिला होता. दुसऱ्या दिवशी बाकांवर बटाट्याची कासवं, कारल्याच्या सुसरी, मुळ्याचे उंदीर आणि गाजराचे जिराफ उभे राहिले. पायांना आगपेटीच्या काड्या, डोळ्यांना लवंगा. माझा वांग्याचा हत्ती होता. भरताचं मोठं वांगं बाबांनी आठवडी बाजारातून मुद्दाम आणलं होतं. आजी मात्र रात्री कुरकुरली होती, "अन्नाचा खेळ नोको करू पोरी." मी ऐकलं नाही. माझा पहिला नंबर आला.

हा प्रकार शाळेत आला कुठून, हे मी अलीकडे शोधत गेले. धागा पार जर्मनीपर्यंत जातो. फ्रेडरिक फ्रोबेल या शिक्षकानं १८३७ मध्ये ब्लांकेनबुर्ग या गावी लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, असं नाव दिलं. मुलांच्या हाताला काम देण्यासाठी त्याच्या पद्धतीत जे उद्योग होते, त्यांत एक भिजवलेल्या वाटाण्यांचा होता. वाटाण्यात बारीक काड्या खोचायच्या आणि चौकोन, घरं, खुर्च्या उभ्या करायच्या. अमेरिकन रचनाकार बकमिन्स्टर फुलर सांगत असे की, १८९९ मध्ये बालवाडीत त्यानं वाटाणे आणि काड्यांचे त्रिकोण जोडून सांगाडा केला होता. पुढे त्याचे प्रचंड घुमट त्रिकोणांवरच उभे राहिले. मऊ सांधा आणि कडक काडी, एवढंच त्यातलं यंत्रशास्त्र. आपल्या बटाट्याच्या कासवातही तेच होतं.

आपल्याकडे हाताच्या कामाला शाळेत मानाचं पान मिळालं ते आपल्याच शेजारी, वर्धा नदीच्या पलीकडे. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. पाठोपाठ डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनं नई तालीमची योजना मांडली. सूतकताई, शेती, सुतारकाम अशा एखाद्या उद्योगाभोवती सगळं शिक्षण गुंफायचं, ही त्यातली मुख्य कल्पना. त्याआधी दोन वर्षं, १९३५ मध्ये, आपल्याच तालुक्यात मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी गुरुकुंज आश्रम स्थापन केला होता. त्यांच्या ग्रामगीतेत जीवनशिक्षणाचा अध्यायच आहे. म्हणजे तिवस्याच्या पोरांना हे विचार काही परके नव्हते.

पुढे कोठारी आयोगानं (१९६४-६६) कार्यानुभवाची शिफारस केली. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीनं 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' हे लांबलचक नाव दिलं. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही कार्यानुभव कायम राहिला. पण या प्रवासात 'उत्पादक' हा शब्द कागदावर राहिला आणि वर्गात प्रदर्शन उरलं. नई तालीमची अपेक्षा होती की, मुलानं केलेली वस्तू कोणाच्या तरी उपयोगी पडावी. आमचे हत्ती दोन दिवसांत सुकले.

अन्नाचं खेळणं करावं का, हा आजीचा प्रश्न इतरांनाही पडला होता. अमेरिकेत जॉर्ज लर्नर यानं १९४९ मध्ये खऱ्या भाजीत खोचायचे नाक, कान, डोळे तयार केले. महायुद्धातली रेशनिंगची सवय अजून ताजी होती. अन्न वाया घालवणारं खेळणं लोक घेणार नाहीत, म्हणून कंपन्या कचरत होत्या. शेवटी १९५२ मध्ये ते 'मिस्टर पोटॅटो हेड' नावानं बाजारात आलं. खोक्यात फक्त अवयव, बटाटा घरचा. १९६४ पासून प्लास्टिकचा बटाटा सोबत मिळू लागला.

जपानमध्ये हाच खेळ वेगळ्या भावनेनं होतो. पितरांच्या ओबोन सणात काकडीला काड्यांचे पाय लावून घोडा करतात आणि वांग्याची गाय. पूर्वजांनी घरी यावं ते घोड्यावरून झपाट्यानं, आणि परत जावं गाईवरून, सावकाश. हे वाचलं तेव्हा मला आपली पिठोरी अमावस्या आठवली. पोळ्याच्याच दिवशी पिठाच्या मूर्ती करायच्या. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, लाकडी बैल घेऊन घरोघरी जायचं. भुलाबाईला ज्वारीच्या धांड्यांचा मखर. शाळेनं शिकवण्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या घरांत ही हस्तकला होती, आणि तिचं सामान शेतातून येत होतं.

इथे मला त्या प्रदर्शनातली एक गोष्ट सांगायची आहे. ती मी छत्तीस वर्षं कुणाला सांगितली नाही.

माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण त्या दिवशी भाजी न आणता धांड्याची बैलजोडी आणि बंडी घेऊन आली होती. धांड्याची साल सोलून आतल्या भेंडाचे तुकडे, सालीच्याच काड्यांनी जोडलेले. चाकं फिरत होती. जू वेगळं निघत होतं. सोलताना साल लागून तिची दोन बोटं कापली होती. बाईंनी बंडी हातात घेऊन कौतुक केलं, पण विषय भाजीपाला होता, म्हणून ती स्पर्धेत धरली नाही. आम्ही काही जणी हसलो. मीही हसले.

बक्षीस झाल्यावर भाज्या गोळा करून टोपलीत टाकत होते, गाईला घालायला. तेव्हा ती हळूच माझ्याजवळ आली. "तुह्या हत्तीचं वांगं मी घरी नेऊ काय? माय भरीत करन." तिची आई कापूस वेचायला, निंदायला रोजानं जायची. मला ते तेव्हा कळायला हवं होतं. मी म्हणाले, "तो माझा हत्ती आहे." आणि मी तो घरी नेला. तिसऱ्या दिवशी त्याला वास यायला लागला, तेव्हा आईनं फेकला.

अभियांत्रिकीला गेले, नोकरी लागली, मुलगी झाली. पुण्यातल्या शाळेतून तिला तोच प्रकल्प मिळाला आणि मी वांगं आणायला निघाले, तेव्हा दुकानात ते वाक्य आठवलं. त्याच सुमारास अरविंद गुप्ता यांची पुस्तकं हाती लागली. आयआयटी कानपूरचा हा अभियंता १९७८ मध्ये होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेला आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे व आगपेटीच्या काड्या जोडून मुलांना भूमिती शिकवू लागला. फ्रोबेलच्या वाटाण्याची जागा रबरी नळीनं घेतली. सामान असं की कोणाच्या ताटातलं काही कमी होत नाही. माझी मैत्रीण सहावीत तेच करत होती.

ताराबाई मोडकांचंही तसंच. त्यांचं सासर अमरावतीचं. पुढे १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. महागडी माँटेसरी साधनं गावात परवडणार नाहीत, म्हणून परिसरात मिळेल त्यापासून साधनं करायची, अशी त्यांची पद्धत होती. मुलाच्या घरात काय आहे आणि काय नाही, हे आधी पाहायचं आणि मग काम द्यायचं.

या लेखासाठी मी त्या मैत्रिणीला फोन केला. वांग्याचं बोलले. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मले वांगं आठवते. पन तू हासली होती, ते जास्त आठवते." मी माफी मागितली. ती म्हणाली, "जाऊ दे. माहे बैल पुढच्या पोळ्यालोक टिकले होते, तुह्या हत्ती कुठी हाय?"

समितीला माझी एक विनंती आहे. मेळाव्यात कार्यानुभवाचं प्रदर्शन पुन्हा मांडायचं ठरलं आहे, तर एक टेबल धांड्यांचं ठेवा. बंडी कशी करायची ते ती शिकवणार आहे, मी विचारलं आहे. आणि भाजीचे प्राणी करायचेच असतील, तर काड्या-लवंगा मोजून काढायच्या आणि भाज्या त्याच संध्याकाळी आपल्या स्वयंपाकात जाऊ द्यायच्या. भरताची वांगी मी आणते.