पंचमी मढीत, षष्ठी पैठणात

फाल्गुनात शेवगाव आगारात रजेचा अर्ज कुणी टाकत नसे. टाकून उपयोग नाही, हे ज्याला त्याला ठाऊक. वद्य पंचमीला, म्हणजे रंगपंचमीला, मढीत कानिफनाथांची यात्रा. दुसऱ्याच दिवशी पैठणला नाथषष्ठी. मढी आमच्या नैर्ऋत्येला, पैठण ईशान्येला, आणि मध्ये शेवगाव. एक नाथ नवनाथांतले, दुसरे, एकनाथ, भागवत संप्रदायातले. पण माणसं दोघांनाही नुसतं ‘नाथ’ म्हणत आणि एका पिशवीत दोन्ही यात्रा करून येत. पंचमी आणि षष्ठी यांच्या मधली रात्र आमच्या स्टँडवर असायची.

मी कंडक्टर होतो. तिकिटांचा ट्रे, चिमटा आणि गळ्यात चामडी पिशवी. मशीन फार पुढे आलं. तिसगावकडून आलेली जादा गाडी रात्री स्टँडवर लागली की आत गुलालाचा आणि रेवडीचा वास. अशाच एका गाडीत एक म्हातारा कैकाडी चढला. हातात जुनं, घामाने काळं पडलेलं दावं. गाढव विकून आला होता. मी सहज म्हटलं, ‘बाबा, गाढव गेलं, आता दावं कशाला?’

‘मास्तर, जनावर इकत्यात, दावं इकत न्हाईत,’ म्हणाला, आणि तिकिटाचे पैसे त्याच दाव्याच्या गाठीतून सोडून दिले.

मढीचा गाढवांचा बाजार बघायला आता कॅमेरे येतात. पण बाजार बघण्यासाठी भरतच नव्हता. भाव जनावर काठेवाडी की गावठी यावर आणि दात बघून ठरायचा: दुवान, चौवान, अखंड. वीटभट्टी, माती, डोंगरातली वाहतूक, जिथे ट्रॅक्टर चढत नाही तिथली सगळी कामं या बाजारावर चालत. गाढव घ्यायला आलेला माणूस तिथेच पोरीचं लग्न ठरवी, उसने पैसे फेडी, भांडण मिटवी. ज्यांना गावच नव्हतं त्यांना वर्षातून एकदा मिळणारं हे गाव. इंग्रजांनी 1871 मध्ये कायदा करून कितीतरी जमातींवर गुन्हेगार म्हणून शिक्का मारला, तो 1952 साली पुसला गेला. पण मढीत त्याआधीही हे लोक पाहुणे नव्हते, मानकरी होते.

मढीच्या गडाचं बांधकाम येसूबाईंच्या नवसाचं, असं सांगतात. शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटावेत म्हणून नवस, आणि 1707 मध्ये ते सुटले म्हणून तो फेडला. मोठमोठे दगड गोपाळ समाजाने वाहिले, म्हणून होळीचा मान त्यांचा, असं तिथले लोक सांगतात. इतिहासाच्या तराजूत हे किती उतरेल ते अभ्यासकांनी बघावं. मला त्यातलं गणित पटतं: ज्याने दगड वाहिला त्याला मान. अठरापगड जातींच्या वाट्याला काही ना काही आलं, म्हणून तर त्या दरवर्षी येतात. सगळंच गोड होतं असं नाही. तिथे बसणाऱ्या जातपंचायतींनी माणसं वाळीत टाकली, दंड लावले, कुणाच्या संसाराची माती केली. सामाजिक बहिष्काराविरुद्ध राज्याला 2016 मध्ये कायदा करावा लागला, तो उगाच नव्हे.

पैठणचं मी थोडक्यात सांगतो, त्यावर पुष्कळ लिहून झालं आहे. एकनाथांनी 1599 मध्ये फाल्गुन वद्य षष्ठीला गोदावरीत देह ठेवला. षष्ठी, सप्तमी, अष्टमी, शेवटी काला. दिंड्या पायी येतात. एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 ला पुणे-नगर रस्त्यावर धावली. त्याआधी आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं हा सगळा रस्ता बैलगाड्यांचा आणि पायांचाच होता.

मग पैठणला धरण आलं. 1965 साली लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, 1976 साली इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं. जायकवाडीचं पाणी आमच्या तालुक्यात शिरलं. गावं उठून वर सरकली आणि देवांनाही बिऱ्हाड बदलावं लागलं. 1986 पासून त्या पाण्यावर पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. ज्यांची शेतं खाली गेली त्यांना तिथे दुर्बीण लावून उभं राहणं कसं वाटत असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

मध्यंतरी गावात पर्यटन वाढवायची एक बैठक झाली. मलाही बोलावलं, म्हातारा म्हणून. महोत्सव करायचा, मंडप, दिवे, पाहुणा कलाकार. घोटणचा मल्लिकार्जुन, वरूरची धाकटी पंढरी, बोधेगावच्या बन्नोमाँची यात्रा, सगळी नावं कागदावर होती. मी एवढंच विचारलं, ‘मान कुणाकुणाला?’ त्यांना वाटलं मी सत्काराबद्दल बोलतोय. तीन जणांची नावं वाचून दाखवली.

मला म्हणायचं होतं ते वेगळं. मंडपात खुर्च्या असतात, यात्रेत वाटे असतात. पंचमीच्या रात्री स्टँडवर पाण्याचा रांजण आणि बायकांसाठी आडोसा एवढं जरी गावाने आपल्या अंगावर घेतलं, तरी शेवगावचा वाटा उभा राहील. गर्दी जमवायची गरज नाही. ती दारावरून जाते.

फाल्गुनी अमावास्येच्या सुमारास कावडी निघतात. पैठणहून गंगेचं पाणी (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो) खांद्यावर घेऊन मढीच्या आणि मायंब्याच्या नाथांकडे. कावड जमिनीला टेकवायची नाही, म्हणून कावडीवाले थांबतात तेही उभ्यानेच. आमच्या गल्लीतल्या बायका हंडे घेऊन रस्त्याला येतात आणि त्यांच्या तापलेल्या पायांवर पाणी ओततात. यंदा आमचा हंडा दोनदा रिकामा झाला. संध्याकाळी हिने विचारलं, ‘किती गेले हो?’

सवयीने मोजलेच होते. ‘बेचाळीस,’ म्हटलं, ‘आणि एक हाफ.’