अर्धशिशी : एका जुन्या दुखण्याची कहाणी



स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा चिटणीसबाईंचा आग्रह झाला तेव्हा एखादी पाककृती द्यावी असे प्रथम मनात आले. पण पाककृती देणाऱ्या आपल्यात पुष्कळ आहेत. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तरी ज्या दुखण्याशी माझी पंचवीस वर्षांची ओळख आहे, त्याची माहिती मी पुस्तके वाचून, डॉक्टरांना विचारून आणि इंग्रजी मजकूर मुलीकडून समजावून घेऊन गोळा केली आहे. ते दुखणे म्हणजे अर्धशिशी. हळदीकुंकवाला एखादी आली नाही आणि "त्यांचे डोके उठले आहे" असा निरोप आला, की आपण एकमेकींकडे पाहून हसतो. त्या हसण्याला उत्तर द्यावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू.

हे दुखणे आजकालच्या धावपळीचे आहे असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. चरक आणि सुश्रुत ह्या आपल्या प्राचीन वैद्यकग्रंथांत त्याचे नाव 'अर्धावभेदक' असे आहे. अर्धे डोके फोडल्यासारखे दुखते, टोचते, भोवळ येते आणि दहा-पंधरा दिवसांनी किंवा अवचित ते उठते, असे सुश्रुताने सांगितले आहे. कोरडे अन्न, अति श्रम, पूर्वेचा वारा, मलमूत्राचे वेग अडवून धरणे अशी कारणे चरकाने दिली आहेत. दिवसभर कामात स्वतःच्या देहधर्माकडे लक्ष द्यायला जिला फुरसत नाही, तिला हे शेवटचे कारण वेगळे समजावून सांगायला नको.

तिकडे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अरेटिअस नावाच्या ग्रीक वैद्याने हेच चित्र रेखाटले. रोगी उजेडापासून पळतो आणि अंधारात त्याला बरे वाटते, असे त्याने लिहून ठेवले. त्याच शतकातील गॅलेन ह्या वैद्याने 'हेमिक्रेनिया' हे नाव वापरले. त्याचा अर्थ अर्धी कवटी. त्याच नावाचा अपभ्रंश होत होत 'मायग्रेन' हा शब्द झाला. आपली अर्धशिशी आणि त्यांचा मायग्रेन, दोन्ही नावांत तेच अर्धे डोके आहे. आपल्या वैद्यांना आणि त्या ग्रीकांना हे दुखणे सारखेच दिसले, मग ते खोटे कसे असेल?

आता एका बाईची हकीकत सांगते. इंग्लंडात अ‍ॅन कॉनवे नावाची एक विदुषी होऊन गेली (1631–1679). लहानपणी ताप आला आणि तेव्हापासून तिचे डोके जन्मभर दुखत राहिले. शरीरात रक्त फिरते हे सिद्ध करणारा विल्यम हार्वे आणि मेंदूचा अभ्यास करणारा थॉमस विलिस ह्या नामांकित वैद्यांनी तिला पाहिले, पण गुण आला नाही. अशा अवस्थेत तिने तत्त्वज्ञानावर ग्रंथ लिहिला. तो तिच्या मृत्यूनंतर 1690 साली छापला गेला. जी डोके दुखते म्हणून पडून राहते ती आळशी, असे म्हणणाऱ्यांनी ही बाई आठवावी.

परंतु पुढे अठराव्या शतकापासून युरोपात ह्या दुखण्याची थट्टा होऊ लागली. ते नाजूक बायकांचे, त्यांच्या हळव्या नसांचे दुखणे ठरले. पुढे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोठमोठे डॉक्टरही सांगत, की ज्यांना सगळे नीटनेटके लागते, जे मनाला लावून घेतात, त्यांना हे होते. म्हणजे दोष रोग्याच्या स्वभावाचा! घराघरांतून आपण हेच ऐकत आलो आहोत.

ही समजूत मागे पडली ती ज्यांनी दुखण्याचे बारकाईने निरीक्षण केले त्यांच्यामुळे. काही रोग्यांना डोके उठण्यापूर्वी डोळ्यांपुढे चकाकणाऱ्या नागमोडी रेघा दिसतात आणि त्या हळूहळू पसरत जातात. ह्यूबर्ट एअरी ह्या डॉक्टरने स्वतःला दिसलेल्या रेघांची चित्रे 1870 साली प्रसिद्ध केली. एडवर्ड लिव्हिंग ह्याने 1873 साली ह्या विकारावर मोठा ग्रंथ लिहिला आणि हे मज्जासंस्थेत उठणारे वादळ आहे असे मांडले. 1941 साली कार्ल लॅशली ह्या शास्त्रज्ञाने आपल्याच डोळ्यांपुढील रेघांचा वेग मोजला आणि हिशेब केला, की मेंदूवरून काहीतरी मिनिटाला सुमारे 3 मिलिमीटर ह्या गतीने सरकत असावे. 1944 साली ब्राझीलच्या लेआंव ह्या संशोधकाला सशाच्या मेंदूत तशीच मंद सरकणारी लाट प्रत्यक्ष आढळली. बायकांच्या हळवेपणाचा येथे काय संबंध?

औषधांची कथाही अशीच लांबलचक आहे. राय नावाच्या धान्यावर एक बुरशी येते. ती पिठात गेल्यामुळे मध्ययुगात युरोपात पुष्कळ लोकांचे हातपाय झडून गेले. सुइणी मात्र बाळंतपणात ती जपून वापरीत. 1918 साली आर्थर स्टॉल ह्याने तिच्यातून 'एर्गोटामीन' वेगळे केले आणि पुढे ते अर्धशिशीवर वापरात आले. गुण येई, पण रक्तवाहिन्या आवळल्या जात, म्हणून ते बेताने द्यावे लागे. 1966 साली हृदयासाठी दिलेल्या 'प्रोप्रॅनोलॉल'ने अर्धशिशीची आवर्तने कमी होतात असे योगायोगाने दिसून आले. 1991 साली 'सुमाट्रिप्टान' हे खास ह्या दुखण्यासाठी तयार केलेले औषध बाजारात आले.

दरम्यान हेही उमगले, की चेहऱ्याची आणि डोक्याची संवेदना वाहणाऱ्या मोठ्या नसेतून 'सीजीआरपी' नावाचे द्रव्य सुटते आणि त्याचा ह्या वेदनेशी जवळचा संबंध आहे. त्याला अडविणारे पहिले इंजेक्शन 2018 साली अमेरिकेत मंजूर झाले. ह्या शोधाबद्दल चार संशोधकांना 2021 साली 'ब्रेन प्राइझ' हा मोठा पुरस्कार मिळाला.

मग हे बायकांनाच जास्त का होते? बायकांत त्याचे प्रमाण पुरुषांच्या सुमारे तिप्पट आहे. पण लहानपणी मुलगे आणि मुली ह्यांत फारसा फरक नसतो. तो पडतो मुलगी वयात आल्यावर. पाळीच्या आधी शरीरातील 'इस्ट्रोजेन' एकदम उतरते आणि त्याच सुमारास डोके उठते. गरोदरपणात पुष्कळ जणींना आराम पडतो. पाळी जाण्याच्या वर्षांत त्रास वाढू शकतो आणि पुढे बहुधा कमी होतो. हा शरीराचा धर्म आहे, त्यात मनाचे ढोंग नाही.

आता उपयोगाच्या चार गोष्टी सांगते. पहिली म्हणजे उपाशी राहू नये. सूर्योदयापूर्वी दूध-जिलबी खाण्याचा आपला जुना उपाय सर्वांना ठाऊक आहे. त्याने रोग जातो असे मी म्हणत नाही, पण पोट रिकामे राहिले की डोके उठते हे खरे. म्हणून कडक उपास, अवेळी जेवण, जागरण आणि ऊन सांभाळावे. डोके केव्हा उठले, आदल्या दिवशी काय घडले, पाळी केव्हा आली, हे दिनदर्शिकेवर टिपून ठेवावे. डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

दुसरी गोष्ट गोळ्यांची. दुखणे सुरू होताच औषध घेतले तर लवकर उतरते. परंतु साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात पंधरा किंवा अधिक दिवस, आणि मिश्र गोळ्या किंवा ट्रिप्टान दहा किंवा अधिक दिवस, असे महिनोन्महिने चालले तर त्या गोळ्यांनीच डोके दुखू लागते. डबा उघडून गोळी तोंडात टाकण्याची सवय आपल्यात फार आहे. महिन्यातून अनेकदा डोके उठत असेल तर आवर्तनेच कमी करणारे औषध डॉक्टरांकडून घ्यावे.

तिसरी गोष्ट, डोळ्यांपुढे नागमोडी रेघा येणारीने कुटुंबनियोजनाच्या गोळ्या सुरू करण्यापूर्वी ते डॉक्टरांना अवश्य सांगावे. काही गोळ्यांनी तिला पक्षाघाताचा धोका वाढतो. चौथी गोष्ट, प्रत्येक डोकेदुखी अर्धशिशी नसते. एकाएकी कधी नव्हे इतके डोके फुटू लागले, ताप येऊन मान ताठली, बोबडी वळली, हात-पाय लुळा पडला, डोक्याला मार लागला, गरोदरपणात किंवा पन्नाशीनंतर प्रथमच असे दुखू लागले, तर सुंठेचा लेप लावून वाट पाहू नये, तडक दवाखाना गाठावा.

चातुर्मासातल्या आपल्या कहाण्या सुफळ संपूर्ण होतात. ही कहाणी अजून तशी झालेली नाही, कारण अर्धशिशी समूळ घालविणारे औषध आजही नाही. पण ती आटोक्यात ठेवता येते. दोन हजार वर्षे वैद्यांनी जे पाहिले, त्यावर घरच्या माणसांनी विश्वास ठेवायला हवा. घरात सून, सासू, लेक कोणीही डोके धरून बसली तर खिडकीचा पडदा ओढावा, रेडिओ-टीव्ही बंद करावा, चार घास पुढे ठेवावे आणि दोन तास तिला कोणी हाक मारू नये. एवढे तर आपण आजपासून करू शकतो.