बोलिव्हिया : चांदीचा डोंगर आणि खाली राबणारी माणसे

माझ्या वर्गात दक्षिण अमेरिकेचा नकाशा उघडला की मुले ब्राझील चटकन दाखवतात. बोलिव्हियावर कुणाचे बोट थांबत नाही. "सर, हा देश आपल्याला कशाला?" असे एका विद्यार्थ्याने विचारले. सालदाराचा मुलगा म्हणून मला त्याचे उत्तर देणे भाग आहे.

१५४५ मध्ये अँडीज पर्वतात पोटोसी येथे चांदीचा डोंगर हाती लागला. इंका राज्यात आळीपाळीने श्रम देण्याची 'मिता' ही रीत होतीच. १५७० नंतर स्पॅनिश सत्तेने तिचे रूपांतर वेठबिगारीत केले. ठरावीक प्रांतांतील प्रौढ पुरुषांपैकी सातवा हिस्सा दरवर्षी खाणीत पाठवणे गावांना सक्तीचे झाले. चांदी युरोपात गेली. धूळ आणि मृत्यू आयमारा व केचुआ लोकांच्या वाट्याला आले. १७८१ मध्ये तुपाक कातारी या आयमारा नेत्याने ला पास शहराला वेढा घातला. सत्तेने त्याला पकडून हाल हाल करून मारले. त्याची पत्नी बार्तोलिना सिसा हिलाही पुढच्याच वर्षी ठार करण्यात आले.

१८२५ मध्ये देश स्वतंत्र झाला, परंतु सत्ता गोऱ्या जमीनदारांच्या हाती राहिली. निरक्षरांना मताधिकार नव्हता. आदिवासी बहुसंख्य असूनही मुके होते. १९५२ च्या क्रांतीने प्रौढ मताधिकार आणला, १९५३ च्या जमीन सुधारणेने जमीनदारांच्या घरची बिनमोल चाकरी बंद केली. २००५ मध्ये एव्हो मोरालेस हा आयमारा माणूस निवडून आला. २००९ च्या घटनेने स्पॅनिशबरोबर छत्तीस आदिवासी भाषांना राजभाषेचा दर्जा दिला. २०१९ मध्ये वादग्रस्त निवडणुकीनंतर मोरालेस यांना राजीनामा द्यावा लागला. म्हणजे मिळवलेले टिकवण्याचा लढा तिथेही संपलेला नाही.

आता आपल्या काळ्या जमिनीकडे पाहू. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार कंपनीकडे गेला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि विलायतेच्या गिरण्यांना आपल्या कापसाची भूक लागली. गाठी किती गेल्या याची नोंद झाली. निंदणाऱ्या, वेचणाऱ्या बायांची नावे कुणी लिहिली नाहीत. पोटोसीची चांदी आणि वऱ्हाडचा कापूस यांत इतके साम्य आहे.

परंतु साम्य दाखवून थांबणे ही आत्मवंचना ठरेल. तिथे शोषक समुद्रापलीकडून आला. आपल्याकडे गोरा येण्यापूर्वीच गावकुसाबाहेर वस्ती होती. म्हणून साहेब गेला तरी तिचा प्रश्न सुटला नाही. परकी सत्ता आणि जातिव्यवस्था यांचे हिशेब वेगवेगळे मांडले पाहिजेत, हा धडा बोलिव्हिया आपल्याला उलट बाजूने शिकवतो.

माझ्या वर्गात एक कोलाम मुलगा आहे. घरी तो कोलामी बोलतो, पण वर्गात कबूल करायला संकोचतो. आपल्या घटनेच्या आठव्या अनुसूचीत कोलामी नाही, गोंडीही नाही. बोलिव्हियाच्या छत्तीस भाषांबद्दल मी सांगितले तेव्हा त्याने मान वर केली. तास संपल्यावर त्याने विचारले, "सर, आमची भाषा लिहून ठेवता येईल?" त्याच्या आजीपासून सुरुवात करायचे आम्ही ठरवले आहे. इतर शिक्षकांनीही आपापल्या वर्गात ही विचारणा करावी.